कानांनीं वाचणारे वाचक

आपण ह्या घटकेला माझें बोलणें ऐकत आहां. आपल्यापैकीं कोणी डोळस असेल, कोणी अंध असेल; परंतु रेडिओपुढें बसलेल्या माणसांत हा भेद उरत नाहीं. माझा चेहरा कोणालाच दिसत नाहीं आणि शब्द मात्र सर्वांना सारखाच पोंचतो. पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालच्या २ ऑक्टोबरला सुरू झालें, तेव्हांपासून ह्या पेटीनें अंध श्रोत्याला कधीं दुय्यम मानलें नाहीं. उलट, कर्णबधिर माणसाला हीच पेटी मुकी आहे. हें भाषण मासिकांत छापून येईल तेव्हांच तें त्याला कळेल. एकच मजकूर एकाला कानानें मिळावा आणि दुसऱ्याला डोळ्यानें मिळावा, ही साधी गोष्ट आजच्या माझ्या विषयाचें सार आहे. विषय असा कीं, संगणकावर आणि मोबाईलवर आपण जें लिहितों, पाठवितों आणि प्रसिद्ध करितों, तें अपंग माणसापर्यंत पोंचतें कीं नाहीं; आणि पोंचत नसेल तर त्याचें कारण काय.

मी ह्या शास्त्रांतला पंडित नव्हें. मी शाळामास्तर होतों व आतां निवृत्त होऊन खराडीस राहतों. ह्या विषयाकडे मी वळलों तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें. ती चूक प्रथम सांगतों, कारण ती समजली म्हणजे पुढील सर्व गोष्ट समजण्यास सोपी जाईल.

निवृत्तीनंतर नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठीं मीं मराठी व्याकरण, इतिहास आणि भूगोल ह्या विषयांचीं टिपणें तयार केलीं. संगणकावर टंकलेखन स्वतः केलें. माझा एक जुना विद्यार्थी, ज्याची दृष्टी ऐन पंचविशींत डोळ्यांच्या विकारानें गेली, तो लेखनिकाच्या जागेसाठीं परीक्षेची तयारी करीत होता. त्यानें टिपणें मागितलीं आणि मीं तीं त्याच दिवशीं पाठविलीं. चार दिवसांनीं त्याचा फोन आला. "गुरुजी, टिपणें मिळालीं, पण माझा फोन तीं वाचीत नाहीं. व्याकरणाच्या पहिल्या पानावर तो 'डे' असें कांहींतरी म्हणतो आणि पुढें नुसतीं इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें बडबडतो. दुसरीच फाईल आली कीं काय?"

मीं फाईल उघडून पाहिली. पहिल्या पानावर नामाचें उदाहरण म्हणून 'कमल' हा शब्द स्वच्छ मराठींत लिहिलेला होता. मीं त्याला सांगितलें, "बाळ, माझ्या बाजूला सर्व ठीक आहे. तुझाच फोन एकदां दाखवून घे." तो बिचारा दोन दुकानें फिरला. फोनांत बिघाड नव्हताच. बिघाड माझ्या लिहिण्यांत होता. आणि हें मला उमजेपर्यंत तीन आठवडे गेले.

आतां हा बिघाड कोणता, तें पाहूं.

अंध मनुष्य संगणक किंवा मोबाईल वापरतो तो 'स्क्रीन रीडर' नांवाच्या एका कार्यप्रणालीच्या साह्यानें. मराठींत तिला आपण पडदावाचक म्हणूं. मोबाईलच्या काचेवर बोट फिरवीत गेलें म्हणजे बोटाखालीं जें बटण किंवा जी ओळ येईल तिचें नांव हा पडदावाचक मोठ्यानें सांगतो. दोनदां टिचकी मारली म्हणजे तें बटण दाबलें जातें. संगणकावर हेंच काम कळफलकावरील बाणांच्या कळा करितात. सरावलेला मनुष्य हा आवाज इतक्या वेगानें ठेवतो कीं, शेजारीं बसलेल्या आपल्यासारख्याला एक शब्दहि उमगत नाहीं. आपण वर्तमानपत्राच्या स्तंभावरून जशी नजर भरभर फिरवितों, तसा तो कान फिरवितो.

हीं साधनें कोणी दयाळू धनिकानें अंधांना दिलेलीं नाहींत. त्यांतलीं दोन प्रमुख साधनें दृष्टिहीन माणसांनींच निर्माण केलीं आहेत. 'जॉज' ह्या नांवाचा पडदावाचक अमेरिकेंत १९८९ सालीं टेड हेंटर ह्यांनीं काढला. ते मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे होते; १९७८ सालच्या एका अपघातांत त्यांचे डोळे गेले. हें साधन उत्तम, पण महाग. पुढें २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन ह्या अंध तरुणानें 'एनव्हीडीए' हा पडदावाचक लिहावयास घेतला आणि तो सर्व जगाला विनामूल्य दिला. त्याच्यासोबत येणाऱ्या आवाजांत मराठीहि आहे. उच्चार थोडासा यांत्रिक वाटतो, पण कळतो. आज अँड्रॉइड फोनमध्यें 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्यें 'व्हॉइसओव्हर' हे पडदावाचक आधींपासूनच असतात. म्हणजे आपल्या खिशांतील फोन, आपल्याला ठाऊक नसला तरी, बोलका आहे. ज्यांनीं तो कधीं बोलताना ऐकला नसेल त्यांनीं घरांतील तरुणाकडून एकदां ऐकून घ्यावा.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. पडदावाचक हें नांव असलें तरी तो पडद्याकडे पाहत नाहीं. पडद्यावर शाईसारखें जें उमटतें त्याच्याशीं त्याचा संबंध नसतो. पडद्यामागें यंत्राच्या स्मरणांत जें खरोखर लिहिलेलें असतें, तेवढेंच तो उचलतो आणि उच्चारतो. डोळ्याला दिसतें तें एक आणि यंत्रांत लिहिलेलें असतें तें दुसरें, असें झालें म्हणजे डोळस माणसाला मजकूर मिळतो आणि अंधाला गोंगाट मिळतो. माझ्या टिपणांत नेमकें हेंच झालें होतें.

यंत्राला अक्षर कळत नाहीं, आंकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरवून दिलेला असतो आणि यंत्र तो क्रमांक जपून ठेवतें. ह्यांत नवल नाहीं. ब्रेल लिपींतहि तत्त्व हेंच आहे. लुई ब्रेल ह्या फ्रेंच अंध मुलानें १८२४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपी बसविली. सहा टिंबांच्या उंच-सखल मांडणीचे ६३ प्रकार होतात आणि त्यांतला कोणता प्रकार कोणत्या अक्षराचा हें ठरलेलें असतें. आपल्याकडे १९५१ सालीं भारतीय भाषांसाठीं 'भारती ब्रेल' ठरली. तींत 'क' ह्या अक्षरासाठीं पहिलें आणि तिसरें टिंब घेतात. हिंदींत, मराठींत, बंगालींत, सर्वत्र तेंच. ठराव सर्वांनीं पाळला, म्हणूनच ती लिपी चालली. उद्यां कोणी आपल्या मर्जीनें 'क' साठीं दुसरीं टिंबें वापरूं लागला, तर त्याचें पुस्तक त्याच्याशिवाय कोणालाच वाचतां येणार नाहीं.

संगणकावरील मराठीचें बरीच वर्षें असेंच झालें होतें. आरंभीं यंत्राला इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक ठाऊक होते. मग देवनागरी कशी उमटवावी? कारागिरांनीं युक्ति काढली. यंत्रांत इंग्रजी अक्षरच ठेवावयाचें, पण पडद्यावर आणि कागदावर त्याचें रूप मात्र देवनागरीचें काढावयाचें. माझ्या संगणकावरील जुन्या टंकांत 'क' साठीं इंग्रजी डी, 'म' साठीं ई आणि 'ल' साठीं वाय हीं अक्षरें होतीं. मीं 'कमल' लिहिलें तेव्हां डोळ्याला 'कमल' दिसलें. यंत्रानें मात्र १००, १०१ आणि १२१ हे डी, ई आणि वाय ह्यांचे क्रमांक जपले. माझ्या विद्यार्थ्याच्या फोननें प्रामाणिकपणें तेंच वाचलें आणि त्याचा उच्चार केला 'डे'. फोन खोटें बोलत नव्हता. खोटें मीं लिहून ठेवलें होतें.

त्या जुन्या कारागिरांना मी नांवें ठेवीत नाहीं. त्यांचें उद्दिष्ट कागदावर छापण्याचें होतें, आणि लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत मराठी छपाई त्यांच्या ह्या युक्तीनें सुकर झाली. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनेंहि भारतीय लिपी संगणकावर आणण्यासाठीं मोठा खटाटोप केला. पुढें जगांतील सर्व लिप्यांना एकच क्रमावली असावी ह्या हेतूनें 'युनिकोड' निघालें. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालची, आणि तींतच देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. युनिकोडांत 'क' चा क्रमांक २३२५, 'म' चा २३५० आणि 'ल' चा २३५४. हे क्रमांक दुसऱ्या कोणत्याहि लिपीच्या अक्षराचे नाहींत. ह्या रीतीनें लिहिलेला 'कमल' हा शब्द पुण्यांत, लंडनमध्यें किंवा अंध माणसाच्या फोनवर 'कमल' असाच राहतो. भारती ब्रेल उमटविणाऱ्या यंत्रालाहि तो कळतो आणि शोध घेणाऱ्यालाहि तो सांपडतो. ही सोय होऊन इतकीं वर्षें झालीं, तरी जुन्या टंकांत मजकूर लिहिणाऱ्या कचेऱ्या, छापखाने आणि माझ्यासारखे मास्तर अजून आहेत.

ही एक चूक झाली. दुसरी त्याहून सार्वत्रिक आहे. कार्यालयांतून निघणारें पत्रक आधीं संगणकावर लिहितात, मग कागदावर छापतात, त्यावर सही-शिक्का होतो, आणि मग त्या कागदाचें छायाचित्र काढून तें संकेतस्थळावर ठेवतात. म्हणजे जो मजकूर आरंभीं अक्षरांत होता, त्याचें अखेरीस चित्र होतें. पडदावाचकाला तेथें एकहि अक्षर सांपडत नाहीं. तो एवढेंच म्हणतो, 'चित्र'. शिष्यवृत्तीची अखेरची तारीख, परीक्षेचें केंद्र, रुग्णालयाची वेळ, सारें त्या 'चित्र' ह्या एका शब्दांत गडप होतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, आतां तर यंत्रें चित्रांतील अक्षरेंहि ओळखूं लागलीं आहेत. तें खरें आहे, आणि अंध मंडळी त्या सोयीचा पुरेपूर उपयोग करितात. रिझर्व्ह बँकेनें २०२० सालच्या आरंभीं 'मणि' नांवाचें साधन काढलें. फोन नोटेसमोर धरला कीं ती कितीची हें तो बोलून सांगतो. परंतु नोट ठराविक असते, पत्रक ठराविक नसतें. कागद वांकडा असेल, शिक्का अक्षरांवर बसला असेल, जोडाक्षरें फिकट झालीं असतील, तर यंत्र अंदाज करितें. कोष्टकांतला आंकडा चुकीच्या रकान्यांत जातो. डोळस माणूस तो अंदाज मूळ कागदाशीं ताडून पाहूं शकतो. अंध माणसाला तो निमूटपणें खरा मानावा लागतो. औषधाचें प्रमाण किंवा परीक्षेची तारीख अंदाजावर कशी सोडावी? आणि मूळ अक्षरें आपल्यापाशीं असतांना तीं पुसून टाकून दुसऱ्याला अंदाज करावयास लावणें ह्यांत शहाणपण तें कोणतें?

तिसरी चूक बटणांची. पडद्यावर भिंगाचें चित्र असलें म्हणजे 'शोधा', घराचें चित्र असलें म्हणजे 'मुखपृष्ठ', हें डोळ्याला कळतें. चित्र बनविणाऱ्यानें त्याच्यामागें तें नांव अक्षरांत लिहून ठेवलें नसेल, तर पडदावाचक नुसता 'बटण', 'बटण', 'बटण' असें म्हणत जातो. दहा दारांची ओसरी आहे आणि एकाहि दारावर पाटी नाहीं, अशी त्या माणसाची अवस्था होते. शीर्षकांचेंहि तसेंच. लेखनिक शीर्षक म्हणून अक्षरें नुसतीं मोठीं आणि ठळक करितो. परंतु हें शीर्षक आहे असें यंत्राला सांगत नाहीं. तसें सांगितलें असतें, तर अंध वाचक एका कळीसरशीं एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता. न सांगितल्यामुळें साठ पानांचा अहवाल त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावें लागतें.

आणखी एक प्रकार आहे, तो मला अत्यंत क्रूर वाटतो. अर्ज भरतांना शेवटीं वेडींवांकडीं अक्षरें असलेलें एक चित्र येतें आणि 'तुम्हीं यंत्र नाहीं, मनुष्य आहां, हें सिद्ध करण्यासाठीं हीं अक्षरें ओळखा' असें सांगितलें जातें. ह्याला 'कॅप्चा' म्हणतात. ज्याला दिसत नाहीं तो तें ओळखूं शकत नाहीं. तेव्हां त्या संकेतस्थळाच्या लेखीं तो मनुष्य ठरत नाहीं. बोलका पर्याय ठेवला, किंवा फोनवर आलेल्या आंकड्यानें ओळख पटविली, तर हें संकट टळतें. पण त्या आंकड्याची मुदतहि अर्ध्या मिनिटाची ठेवूं नये. ज्याचे हात कांपतात किंवा जो ऐकून लिहितो, त्याला वेळ लागतो.

मीं आतांपर्यंत अंधांविषयींच बोललों, कारण माझा अनुभव तेथला आहे. परंतु प्रश्न त्यांचाच नाहीं. कर्णबधिर माणसाला बोलपटाखालीं लिहिलेल्या ओळी पाहिजेत. ज्याला माऊस धरतां येत नाहीं, त्याला प्रत्येक काम नुसत्या कळांनीं करतां आलें पाहिजे. ज्याची नजर अधू आहे त्याला अक्षर व पार्श्वभूमि ह्यांत पुरेसा फरक लागतो. संकेतस्थळांचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ सालीं प्रथम ठरले आणि २०२३ सालीं त्यांची नवी आवृत्ति निघाली. त्यांत हा फरक नेहमीच्या अक्षरांसाठीं किमान साडेचारास एक इतका असावा असें सांगितलें आहे. फिकट राखी अक्षरें पांढऱ्यावर छापण्याची जी नवी टूम आहे, ती ह्या कसोटीला उतरत नाहीं. आणि माझ्या वयाच्या डोळस माणसांनाहि ती सोसवत नाहीं. त्या नियमांची चार तत्त्वें आहेत. मजकूर कोणत्यातरी इंद्रियानें जाणवावा, तो हाताळतां यावा, समजावा, आणि आजच्या तसाच उद्यांच्या साधनांवरहि चालावा. ह्यांतलें कोणतें तत्त्व केवळ अपंगांच्याच कामाचें आहे?

संख्येचा विचार करावयाचा तर २०११ सालच्या जनगणनेंत भारतांत अपंगांची संख्या २ कोटि ६८ लाख आणि महाराष्ट्रांत २९ लाख ६३ हजार इतकी नोंदली गेली. त्या वेळीं अपंगत्वाचे प्रकार थोडे मानले जात. अपंगांच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा झाला तेव्हां पूर्वींच्या सात प्रकारांचे एकवीस झाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आहे. छापील, ध्वनिरूप व संगणकीय असा सर्व मजकूर अपंगांना वापरतां येईल अशा रूपांत मिळावा, अशी जबाबदारी त्यांतील ४२ वें कलम शासनावर टाकतें. परंतु त्याखालचा नियम मोघम असल्यानें, पाळला तर पाळला, असें चालत राहिलें. सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालांत तो नियम कायद्याशीं विसंगत ठरविला आणि पाळावेच लागतील असे नियम करण्यास सरकारला सांगितलें.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें दुसरा महत्त्वाचा निकाल दिला. त्यामागची हकीकत ऐकण्यासारखी आहे. बँकेचें खातें उघडतांना आतां फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत आहों हें दाखवावें लागतें. आम्लहल्ल्यांत ज्यांचे चेहरे आणि डोळे जळाले, त्यांनीं पापणी लववावी कशी? अशा पीडितांनीं आणि एका दृष्टिहीन गृहस्थानें केलेले अर्ज न्यायालयापुढें होते. न्यायालयानें म्हटलें कीं, संगणकीय सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि ओळख पटविण्याच्या रीती सर्वांना जमतील अशा करण्यासाठीं वीस निर्देश दिले. जें काम आजवर उपकार म्हणून मागावें लागे, तें आतां हक्क म्हणून मागतां येतें.

पुस्तकांच्या बाबतींत आपल्या देशानें पूर्वींच चांगला मार्ग घालून दिला आहे. छापील पुस्तकाची ब्रेल किंवा बोलकी प्रत काढतांना लेखनहक्काची आडकाठी येऊं नये, म्हणून २०१२ सालीं आपला कायदा सुधारला. २०१३ सालीं मोरोक्कोंतील माराकेश शहरीं ह्याच हेतूनें आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याला मान्यता देणारें पहिलें राष्ट्र भारत हें होतें. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत २००३ पासून चालणारें दृष्टिहीनांचें साधनकेंद्र, आणि पुण्यांत अंध विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठीं मीराताई बडवे ह्यांनीं उभारलेलें 'निवांत' ह्यांसारख्या संस्था असें वाचनसाहित्य विद्यार्थ्यांच्या हातीं देण्यासाठीं झटत आल्या आहेत. परंतु ह्या संस्थांनीं एकेक पुस्तक बोलकें करावें आणि आपण रोज मुकीं पत्रकें काढीत राहावें, ह्याला अंत कोठें?

आतां माझ्या खराडीकडे येतों. मुळा-मुठेच्या कांठचें हें शेतकऱ्यांचें गांव. जेथें पूर्वीं शेतें होतीं, तेथें आज इऑन आणि इतर उद्योगसंकुलांच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत आणि हजारों तरुण तेथें संगणकाचें काम करितात. त्यांतल्या कांहींशीं बोलण्याचा योग येतो, तेव्हां मौज वाटते. युरोपांत २८ जून २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे कीं, बँकसेवा, ऑनलाइन दुकानें, ई-पुस्तकें इत्यादि गोष्टी अपंगांना वापरतां येतील अशाच असल्या पाहिजेत. म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकासाठीं काम करणारा आपला तरुण प्रत्येक बटणाला नांव देतो, प्रत्येक चित्राखालीं वर्णन लिहितो आणि पडदावाचक लावून सर्व तपासतो. ही विद्या त्याच्या हातांत आहे. पण तोच तरुण संध्याकाळीं घरीं येतो आणि आपल्या गृहसंस्थेच्या व्हॉट्सॲप-समूहावर 'उद्यां पाणी बंद राहील' ह्या सूचनेचें छायाचित्र टाकतो. त्याच इमारतींतील अंध शेजारी दुसऱ्या दिवशीं कोरडा नळ उघडतो तेव्हां त्याला ती सूचना समजते. परक्याच्या कायद्यासाठीं जें करितां येतें, तें शेजाऱ्यासाठीं करितां येऊं नये काय? मीं एका तरुणाला असें विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, हें कधीं डोक्यांतच आलें नाहीं." मला त्याचा राग आला नाहीं, माझ्याहि डोक्यांत तें तीन आठवडे आलें नव्हतें.

श्रोतेहो, करावयाचें तें फार थोडें आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं. मराठी लिहावयाचें तें युनिकोडांतच लिहावें. मोबाईलवर आपण जें मराठी लिहितों तें त्याच रीतीचें असतें. सूचनेचें छायाचित्र पाठवावयाचेंच असेल, तर त्याखालीं दोन ओळींत मजकूरहि लिहावा. पत्रकावर सही-शिक्क्याची प्रत पाहिजे असेल, तर तिच्या शेजारीं मूळ अक्षरांची प्रत ठेवावी. शीर्षकाला शीर्षक म्हणून नोंदवावें, चित्राला वर्णन द्यावें, कोष्टकाच्या रकान्यांना नांवें द्यावीं. आणि कोणतेंहि संकेतस्थळ किंवा फोनवरील साधन लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं एका अंध माणसाकडून तें वापरवून घ्यावें आणि त्या कामाचा त्याला मोबदला द्यावा. दहा डोळस माणसांना जें दिसत नाहीं, तें त्याला दहा मिनिटांत आढळतें. शाळांतील माझ्या व्यवसायबंधूंना तर माझें विशेष सांगणें आहे. आपल्या वर्गांत आज अंध मुलगा नसेल, पण आपण काढलेली प्रश्नपत्रिका कोणाच्या हातीं जाईल हें आपल्याला ठाऊक नसतें.

आतां त्या टिपणांचें काय झालें, तें सांगून संपवितों. जुन्या टंकांतून युनिकोडांत मजकूर पालटणारीं साधनें मिळतात. मीं तीं वापरलीं. परंतु रफार आणि पहिली वेलांटी जागच्या जागीं न बसल्यानें सारी टिपणें ओळीओळीनें पुन्हां तपासावीं लागलीं. त्यांत महिना गेला. तोंपर्यंत त्या वर्षींची परीक्षा होऊन गेली होती. माझा विद्यार्थी तींत थोडक्यांत राहिला. माझीं टिपणें वेळेवर मिळालीं असतीं तर तो उत्तीर्ण झाला असता, असें मी म्हणत नाहीं. पण झाला नसता असेंहि मला म्हणतां येत नाहीं, आणि ही टोंचणी मला जन्मभर राहील. दुरुस्त प्रत मिळाल्यावर आठ दिवसांनीं त्याचा फोन आला. "गुरुजी, आतां सगळें नीट वाचतां येतें. फक्त इतिहासाच्या अकराव्या पानावर आपण एक सनावळी चुकविली आहे." मीं पाहिलें, सनावळी खरोखरच चुकली होती. डोळ्यांनीं तीं पानें मीं आणि माझ्या इतर विद्यार्थ्यांनीं कितीदां तरी वाचलीं असतील. पण ती चूक कानांनीं वाचणाऱ्यानें पकडली. मीं ती सुधारली आणि प्रत त्याला पुन्हां पाठविली. तो पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागला आहे.